बिडाच्या हंड्याखालची अकरा अंडी

नॉकनाशी, केरी
४ मे १९३६

प्रिय ब्राइडी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच चुलीत घालावंसं वाटलं तर घाल. चौदा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आई गेली तेव्हासुद्धा फादरांकडून कळवलं. तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, नोरीनकडून मागून घेतला. ती म्हणाली, "आत्ताच का गं?" मी म्हटलं, सहजच.

सहज नाही. इथे असं काही झालंय की ते गावात कुणाशी बोलायची सोय नाही. तू लांब आहेस आणि तुला इथलं सगळं माहीत आहे, म्हणून तुला लिहिते.

शुक्रवारी पहिली मे होती. मॉर्टी उजाडताच पवित्र पाण्याची बाटली घेऊन शेताच्या चारी कडांनी शिंपडत गेला. माझे सासरे जायचे, तसाच तोही जातो. खालच्या शेताच्या कोपऱ्यात, काउहिगांच्या दगडी कुंपणाला लागून, गेल्या सालच्या गवताच्या गंजीचा बुडखा उरलाय. त्या बुडख्यात त्याला अंडी सापडली. अकरा. नीट गोल रचून ठेवलेली.

तो घरात आला तेव्हा त्याच्या तोंडाचा रंग ताकासारखा झाला होता. एक शब्द न बोलता त्याने चुलीवर टांगलेला बिडाचा हंडा उतरवला, डुकरांसाठी शिजत घातलेले बटाटे फरशीवर ओतले आणि हंडा घेऊन परत गेला. तो त्याने अंड्यांवर उपडा घातला. परत आल्यावर म्हणाला, "गंजीत अकरा अंडी. करणी आहे. त्या हंड्याला कुणी हात लावायचा नाही. तूही नाही."

मी म्हटलं, "नाही लावत."

आणि नेमक्या त्याच वेळी दारात हॅना काउहिग उभी.

तू तिला ओळखत नाहीस, ती तुझ्यानंतर आली. टिम काउहिगची बायको, कोव्ह बंदरावरची. दोन हिवाळ्यांमागे टिम छातीच्या दुखण्याने गेला. तेव्हापासून तीन गाई आणि ते गळकं घर ती एकटी ओढतेय. बंदरावर वाढलेली. आपल्याकडच्या चालीरीती तिला ठाऊक नाहीत, आणि सांगितल्या तर हसते.

हातात फुटकं घमेलं होतं. म्हणाली, "मॉर्टी, दोन निखारे दे रे. काल धुराड्यातून इतका पाऊस गळला की चूल पार विझली. काड्यांचा लगदा झालाय."

मॉर्टी म्हणाला, "आज पहिली मे आहे."

"मग काय झालं? काल तीस एप्रिल होती." आणि हसली.

पहिल्या मेला घरातला विस्तव दुसऱ्याला दिला की वर्षभराची बरकत त्याच्या मागोमाग जाते, हे तुला सांगायला नको. त्यात शेतात अंडी, म्हणजे कुणीतरी आपलं वाईट चिंतून लपवलेली. मॉर्टीने तिच्या तोंडावर दार लावलं. बाहेरून ती म्हणाली, "नेट? नेट, याला झालंय तरी काय?" मी चुलीकडे तोंड करून फरशीवरचे बटाटे गोळा करत होते. उत्तर दिलं नाही.

बस, एवढंच झालं. तुझी मुलं बरी असतील. दोन आहेत असं नोरीन म्हणाली.

तुझी बहीण,
नेट


नॉकनाशी
२६ मे

प्रिय ब्राइडी,

पहिल्या पत्राला तुझं उत्तर अजून आलेलं नाही आणि मी दुसरं लिहायला बसले.

काळी गाय गाभडली. सात महिन्यांची गाभण होती. सकाळी गोठ्यात गेले तर वासरू मागे पडलेलं, अंगावर केससुद्धा नीट उगवले नव्हते. मॉर्टी त्याच्याकडे पाहत उभा राहिला आणि मग कुंपणापलीकडे, हॅनाच्या घराकडे. नऊ दिवसांनी दुसरी, फुली, तिनेही गाभ टाकला. आता गोठ्यात गाभण अशा दोनच उरल्या. त्यांच्या गळ्यात मॉर्टीने लाल चिंधी आणि करणी टाळणाऱ्या रोवन झाडाची काटकी बांधलीय, आणि तो रोज त्यांच्या पोटाला हात लावून पाहतो. लोण्यादुधावर आमचं सगळं घर उभं आहे. या दोघी गेल्या तर येता हिवाळा कसा काढायचा ते मला ठाऊक नाही.

गावात सगळीकडे बभ्रा झालाय. सांगितलं थेडी स्कॅनलने. तुला आठवत असेल, लांब हातांचा, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. डेअरीला दूध नेणारी गाडी तोच हाकतो आणि हॅनाचा कॅनही तोच न्यायचा. मागच्या सोमवारी ती कॅन घेऊन रस्त्यावर उभी होती आणि त्याने घोडा थांबवलाच नाही. ती मागून ओरडली, "अरे ए, आंधळा झालास का?" त्याने मान वळवली नाही, फक्त डाव्या बाजूला थुंकला.

आता ती दोन मैल कॅन डोक्यावर घेऊन जाते. डेअरीवर तिचं दूध घेतात, पण ती रांगेत आली की बायका अंगावर क्रूस करतात. गेल्या रविवारी फादरांनी वेदीवरून खडसावलं की अंड्याबिंड्यांच्या गोष्टी रानटीपणा आहे, ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. चर्चच्या फाटकाशी आल्यावर थेडी म्हणाला, "फादर शहरातले आहेत बिचारे."

हॅना परवा कुंपणाशी आली होती. मी धुणं वाळत घालत होते. म्हणाली, "नेट, तू तरी सांग. मी काय केलंय?"

मी म्हटलं, "मी कुणाशी बोलत नाही या बाबतीत."

"टिमच्या आजारपणात तू माझ्या घरी रात्री काढल्यास. आणि आता बोलत नाहीस?"

चादर वाऱ्याने माझ्या तोंडावर आली. मी ती लवकर बाजूला केली नाही.

ती अंडी अजून तिथेच हंड्याखाली आहेत. काढायची तर फावड्याने, हात न लावता, असं म्हणतात. उन्हाने आत काय झालं असेल कोण जाणे. सगळ्यात खालचं तर आधीच चिरलेलं होतं.

नेट


नॉकनाशी
१७ जून

प्रिय ब्राइडी,

तुझं पत्र आलं. चार ओळी, पण आलं. तू लिहितेस, "मॉर्टीने तुला हंड्याजवळ जाऊ दिलं नाही, मग खालचं अंडं चिरलेलं आहे हे तुला कसं ठाऊक?" तू लहानपणापासून अशीच. आईच्या बरणीतली साखर कोणी खाल्ली हे तू सगळ्यांच्या आधी ओठांकडे बघून ओळखायचीस.

आणि शेवटी लिहितेस, "माझ्याकडून काय हवंय तुला?"

सांगते. आज सगळं सांगते, कारण आता थांबायला वेळ नाही.

अंडी माझ्या ठिपकीची आहेत. एप्रिलभर ती कोंबडी दुपारी अंगणाच्या कुंपणाच्या फटीतून खालच्या शेतात जायची आणि गवतात अंडं घालून मानभावीपणाने परत यायची. मी तिच्या मागे जाऊन बघितलं होतं. दहा मोजली होती, अकरावं तिने नंतर घातलं असणार. एक उचलताना माझ्या अंगठ्याने चिरलं, म्हणून परत खाली ठेवलं. म्हटलं, खुडूक होऊन बसेल तर बसू दे तिथेच, पिल्लं निघाली की आणू. मॉर्टीला सांगायचं राहून गेलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या मेला तो हंडा घालून परत आला तेव्हा "अरे, आपली ठिपकी आहे ती" एवढंच म्हणायचं होतं. तो स्वतःशीच हसला असता. बटाटे ओतले म्हणून मी ओरडले असते. संपलं असतं.

मी बोलले नाही. का ते लिहिते आणि एकदाच लिहिते.

टिम गेल्यापासून मॉर्टी हॅनाकडे मदतीला जायचा. छपराला दोर बांध, गाय अडली तर बघ, भिंत पडली तर लाव. त्यात वावगं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. पण तिथे तो हसायचा, ब्राइडी. ती काहीतरी बोलायची आणि तो मोठ्याने हसायचा, आणि ते हसणं कुंपणावरून माझ्या स्वयंपाकघरात यायचं. आमच्या घरात तो चौदा वर्षांत तसा हसलेला नाही. मूल झालं नाही म्हणून असेल, मी अशी आहे म्हणून असेल. त्या सकाळी त्याने तिच्या तोंडावर दार लावलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की बरं झालं. बटाटे गोळा करताना मी खाली तोंड घातलं होतं ते एवढ्यासाठी की माझा चेहरा कुणाला दिसू नये.

वाटलं, चार दिवस जाणं-येणं बंद होईल आणि विसरतील. गाई गाभडतील हे कोणाला माहीत होतं?

फुली गाभडली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी मॉर्टीला सांगितलं. जेवताना. म्हटलं, "अंडी आपल्या ठिपकीची आहेत. मी बघितली होती."

त्याने चमचा खाली ठेवला. "मग पहिल्या दिवशी का नाही बोललीस?"

तेवढाच एक प्रश्न होता. मी म्हटलं, "लक्षात आलं नाही."

तो हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "नेट, ती तुझ्या तोंडून बोलतेय. कुंपणाशी तुला गाठलं होतं ना तिने? थेडीने बघितलं." आणि उठून त्याने माझ्या कपाळाला पवित्र पाणी लावलं. ब्राइडी, खरं बोलल्यावर मला त्याने पाणी लावलं.

आता ऐक. थेडीचं म्हणणं, सात शुक्रवार उलटले की अंडी जागच्या जागी जाळायची. आणि जाळ लागल्यावर धुराकडे जे पहिलं माणूस येईल, तेच करणी करणारं. पहिल्या मेनंतरचा सातवा शुक्रवार परवा आहे. थेडी, त्याचे दोघे भाऊ आणि मॉर्टी. सकाळी सातला. सातच का, माहीत आहे? हॅनाची पाण्याची वाट त्या कोपऱ्यावरून जाते आणि धार काढून झाली की ती बरोबर सातला दोन बादल्या घेऊन झऱ्यावर निघते. तिच्याकडे दुसरं पाणी नाही. ती येणारच. त्यांनी सापळा लावलाय आणि त्याला ते दैवाचा कौल म्हणतायत.

मॉर्टीला विचारलं, "आणि ती आली की मग?"

"मग तिला जावं लागेल."

"नाही गेली तर?"

त्याने थेडीकडे बघितलं. थेडी दारात बसून पाइप भरत होता. तो म्हणाला, "गवताचं छप्पर आहे बाई. उन्हाळा कोरडा चाललाय."

काल मी लपून तिच्याकडे गेले. म्हटलं, शुक्रवारी पाण्याला जाऊ नकोस, किंवा वरच्या वाटेने जा. ती चुलीपाशी भाकर थापत होती. ऐकून आधी हसली. मग तिचे पिठाचे हात थांबले.

"वरच्या वाटेने म्हणजे चोरासारखी? ती वाट टिमच्या आजोबांपासून आमची आहे. आज वाट बदलली तर उद्या म्हणतील, बघा, घाबरली. जाईन ती रोजच्याच वाटेने. आणि तू सांगायला आलीस ते कशाला? तुला एवढं माहीत आहे तर त्यांना सांग ना."

मी तिलाही कोंबडीचं सांगितलं नाही. जिभेपर्यंत आलं होतं. तिने मला गरम भाकरीचा तुकडा दिला आणि मी तो खाल्ला, एवढी मी निर्लज्ज.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्याकडून मला काही नको. मला तुला द्यायचं आहे.

ती घोडी. तुझं स्थळ बघायला मॉर्टीचे वडील एकटेच गाडी घेऊन निघाले होते आणि रस्त्यात तू भेटलीस, उघड्या डोक्याने, ते लाल केस सोडलेले, आणि निघताना लाल केसांची बाई आडवी येणं म्हणजे अपशकुन. शंभर पावलांवर घोडी कोसळली, पाय मोडला, गोळी घालावी लागली. म्हाताऱ्याने गाडी तिथेच सोडली आणि सगळ्या पंचक्रोशीत सांगत फिरला की थोरली पांढऱ्या पायाची आहे. आठवड्याने स्थळ आलं ते माझ्यासाठी. तू रात्रभर मला विनवलंस की नाही म्हण. मी हो म्हटलं.

घोडी तुझ्या आधीच लंगडत होती. मी पुलाजवळ जळण भरत होते. पुलावरच्या खड्ड्यात तिचा पाय गेला ते मी डोळ्यांनी बघितलं. म्हातारा प्यायलेला होता, त्याने खाली उतरून बघितलंही नाही, चाबूक ओढला आणि पुढे नेली. तू त्यानंतर दोनशे पावलांवर होतीस. तू लंगडणारी घोडी बघितली असशील आणि सांगितलंही असशील, पण तुझं कोण ऐकणार होतं? माझं ऐकलं असतं. मी गप्प बसले, कारण मॉर्टी मला हवा होता.

म्हणजे ही दुसरी वेळ.

माफी मागत नाही. तेवढं तोंड नाही. शुक्रवारी काय करायचं ते अजून मला कळलेलं नाही.

नेट


नॉकनाशी
२१ जून

ब्राइडी,

झालं. जसं झालं तसं लिहिते.

शुक्रवारी मॉर्टी साडेसहाला निघाला. मला म्हणाला, "दार लावून घे. काही झालं तरी बाहेर पडू नकोस." मी खिडकीशी उभी राहिले. चौघेही कोपऱ्यात जमले. हंड्याभोवती पीटची वाळलेली जळाऊ ढेकळं आणि सुकं गवत रचलं, घासलेट ओतलं. थेडीने फावड्याच्या टोकाने हंडा उलटवला आणि सगळे तोंड फिरवून मागे सरले. वास घरापर्यंत आला. मग काडी ओढली.

धूर सरळ वर गेला नाही, कुंपणाच्या अंगाने हॅनाच्या बाजूला पसरला. अंडी फुटायला लागली. बंदुकीसारखा आवाज. एक, मग दोन. चौघेही तिच्या दाराकडे बघत उभे. तिचं खालचं अर्धं दार उघडताना मला दिसलं. एक बादली बाहेर ठेवली. मग दुसरी घ्यायला ती आत वळली.

मी विचार केला असं म्हणणार नाही. मी फक्त धावले. पायात बूटसुद्धा नव्हते. कोंबडी ज्या फटीतून जायची तिथून अंग काढलं, खाजकुयरीने पाय पेटले, आणि मी धुरात जाऊन उभी राहिले. खोकल्याने काही दिसेना.

थेडी ओरडला, "मागे हो बाई! तू नाही! तू मोजायची नाहीस!"

मी म्हटलं, "का नाही? पहिलं माणूस येईल ते, असंच ठरलंय ना? मी आलेय."

"मॉर्टी, तुझ्या बायकोला आत ने."

मॉर्टीने माझा दंड धरला. "नेट, घरात चल. तुला बरं नाही."

"मला चांगलं बरं आहे. अंडी ठिपकीची आहेत. एप्रिलमध्ये मी स्वतः मोजलीत. खालचं माझ्या अंगठ्याने चिरलं."

"तू हे आधीही बोललीस."

"आणि तू मला विचारलंस की पहिल्या दिवशी का बोलले नाही. परत विचार."

तो विचारेना. थेडीच्या धाकट्या भावाने विचारलं, "का नाही बोललीस?"

तिथे चार पुरुष उभे होते, ब्राइडी. त्यातले तिघे संध्याकाळपर्यंत सात घरी सांगणार हे मला दिसत होतं. मी मॉर्टीकडे बघून म्हटलं, "कारण तू तिच्याकडे हसायचास. तू तिकडे जाऊ नयेस म्हणून. करणी असेल तर ती मी केलीय, गप्प बसून. तिने नाही."

एक अंडं फुटलं. मॉर्टीने माझा दंड सोडला, विस्तव हातातून टाकावा तसा.

आणि मागे बादलीच्या कडीचा आवाज झाला. हॅना तिथेच होती, दोन पावलांवर, वाटेत. किती ऐकलं होतं? सगळं.

मला वाटलं, ती अंगावर येईल. यायला हवी होती. तिने दोन्ही बादल्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "सात आठवडे, नेट."

मी डोळ्यांतला धूर पुसला.

"महिनाभर मी दोन मैल कॅन वाहतेय. रोज सकाळी उठून आठवत बसते की मी कोणाचं काय वाईट केलं. तू परवा माझ्या घरी बसून भाकर खाल्लीस."

बादल्या उचलून ती आमच्यामधून, धुरातून, झऱ्याकडे गेली. थेडीसुद्धा तिच्या वाटेतून बाजूला झाला. पाणी भरून ती त्याच वाटेने परत आली, एकही थेंब न सांडता.

मॉर्टी पायांनी जाळ विस्कटत राहिला, बूट जळेपर्यंत. त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही.

नेट


नॉकनाशी
२७ सप्टेंबर

प्रिय ब्राइडी,

तुझं उत्तर आलं नाही. मी टपालवाल्याची वाट बघते हे खोटं कशाला सांगू?

जुलैत तिसरी गाय गाभडली आणि तेव्हा मॉर्टीने, आपण होऊन, सरकारी गुरांचा डॉक्टर आणला. त्याने रक्त काढून नेलं. हा गुरांचा रोग आहे, एकीचा दुसरीला लागतो. फेब्रुवारीच्या बाजारातून मॉर्टीने जी कालवड आणली तिच्याबरोबर आला. हॅनाच्या दोन गाईंनीही गाभ टाकला, आमची गुरं कुंपणावरून तिच्या गुरांना हुंगतात ना. म्हणजे अपाय झाला तो आमच्याकडून तिला. डॉक्टरने हे डेअरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. थेडीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तेच म्हणतोय मी. नेटने दोघींच्या गोठ्यांवर करणी केली."

तर आता मी आहे. थेडीची गाडी पुन्हा हॅनाच्या दाराशी थांबते आणि बायका क्रूस करतात तो मला बघून. लोणी घुसळायच्या दिवशी आमच्याकडे कुणी फिरकत नाही. लग्नाला बोलावणं नाही. मला याचं फार वाटतं असं नाही. वाटतं ते संध्याकाळी, जेवताना. मॉर्टी आता बोलतो. मीठ दे, दार लाव, पाऊस येईल. हॅनाकडे तो गेला होता, एकदा, टोपी हातात घेऊन. तिने दार उघडलं आणि ऐकून घेतलं आणि लावलं. आता कुंपणाच्या अलीकडे कोणी हसत नाही आणि पलीकडेही नाही.

काल एक गोष्ट झाली. मी घुसळत होते. तासभर झाला तरी लोणी येईना, ताक नुसतं फेसाळत होतं. दाराशी सावली पडली. हॅना. तिच्या शेतात आमचं खोंड शिरलं होतं, ते सांगायला आली होती. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकल्यावर तिला रवी दिसली आणि ती थांबली. घुसळण चालू असताना घरात आलेल्या माणसाने हात लावल्याशिवाय जायचं नाही, नाहीतर लोण्याची बरकत घेऊन जातं. नऊ वर्षांत एवढं तिलाही कळलेलं आहे.

मी रवीवरचे हात काढले नाहीत आणि पुढेही केले नाहीत. म्हटलं, "तुला नको असेल तर राहू दे. मी काही मनात आणणार नाही."

ती आत आली. मला बाजूला केलं आणि रवी धरली. तीन वेळा खाली दाबली, जोर लावून.

म्हणाली, "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण लोणी आलं नाही तर पुन्हा माझंच नाव घेतील."

"नाही घेणार. आता माझं घेतात."

तिच्या तोंडाचा कोपरा जरासा हलला. हसू नव्हतं ते, पण होणार होतं. मग तिने रवी सोडली आणि म्हणाली, "खोंड बांधून ठेव," आणि गेली. लोणी आलं, पण अर्ध्या तासाने. मला वाटतं ताक थंड होतं.

मॉर्टी माळ्यावर गवत लावत होता. त्याने सगळं ऐकलं. खाली येऊन रिकाम्या दाराकडे बघत म्हणाला, "तू त्या दिवशी आली नसतीस तर मी काय केलं असतं, नेट?" जूननंतर पहिल्यांदा त्याने मला काही विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही." मग तो म्हणाला, "मलाही नाही." आणि बाकावर बसला, टोपी हातात फिरवत.

तेव्हा मला सांगता आलं असतं. घोडीचं. त्याला अजून माहीत नाही, ब्राइडी. चौदा वर्षं तो समजतो की तुझ्यापासून त्याला दैवाने वाचवलं. त्याच्या बापाच्या दारूच्या नशेने आणि माझ्या गप्प बसण्याने त्याची बायको बदलली, हे त्याला माहीत नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, चहा घेशील का?

तोंडाने मला जमत नाही, हे आता मला कळलंय. लिहिताना जमतं. म्हणून या पत्रात खाली पुन्हा एकदा सगळं लिहिते: घोडी पुलावर लंगडी झाली, मी बघितलं, ब्राइडी तेव्हा तिथे नव्हती, मी मुद्दाम सांगितलं नाही.

उद्या मॉर्टी गावात जाणार आहे. हे पत्र मी त्याच्याच हातात देईन, पाकीट न चिकटवता, आणि सांगेन की आधी वाच आणि मग वाटलं तर चिकटवून टपालात टाक. त्याने फाडलं तर ते तुला मिळणार नाही. मिळालं, तर पाकीट कोणी चिकटवलं ते तुला कळेल.

तुझी,
नेट